कारखान्याचं दान आणि श्रमदान: या चुका टाळा

शाळेला पाण्याचा फिल्टर दिला, फीत कापली, फोटो निघाले. आठ महिन्यांनी जाऊन पाहिलं तर फिल्टर बंद आणि मुलं पुन्हा घरून बाटल्या आणत होती. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, बदलायला पैसे नव्हते, कुणाला फोन करायचा हेही शाळेला ठाऊक नव्हतं. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मदतकार्याचं काम मी बघतो. ही चूक आमचीच होती.

कारखान्यात प्रत्येक मशीनला मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं, दान दिलेल्या वस्तूला मात्र आपण ते लावत नाही. देतानाच ठरवा: फिल्टर कोण बदलणार, कधी, कुठल्या पैशातून. संगणक देताय? वीजबिल कोण भरतं ते मुख्याध्यापकांना आधी विचारा. स्वच्छतागृह बांधताय, तर टाकीत पाणी कुठून येणार ते बघा. आम्ही आता तीन वर्षांचा देखभालखर्च देणगीतच धरतो. त्यामुळे कमी शाळांना देता येतं, पण दिलेलं चालू राहतं.

रक्तदान शिबिरात सर्वांत जास्त चुका होतात. मालकांचा वाढदिवस किंवा वर्धापनदिन बघून तारीख ठरते. पण तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट 5 दिवस. एकाच आठवड्यात चार कारखान्यांची शिबिरं झाली तर त्या रक्ताचं रक्तपेढीनं करायचं काय? टंचाई जाणवते ती एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असताना, आणि दिवाळीच्या सुट्टीत. म्हणून तारीख रक्तपेढीला ठरवू द्या.

रात्रपाळी करून आलेल्याला थेट रक्तदानाला बसवू नका, झोप झालेली नसेल तर रक्त घेतलं जात नाही. रक्त दिल्यावर त्याला भट्टीपाशी, क्रेनवर किंवा उंचावरच्या कामाला पाठवू नका, आणि त्या दिवसाची हजेरी पूर्ण लावा. पुरुषांनी 3 महिन्यांचं, महिलांनी 4 महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं, म्हणून शिबिरांची वही ठेवा. आणि सुपरवायझरला यादी घेऊन लाइनवर उभा करू नका. कंत्राटी कामगाराला अशा वेळी नाही म्हणता येत नाही, आणि मग त्या दानाला स्वेच्छा म्हणवत नाही. रविवारच्या श्रमदानाचंही तेच. साप्ताहिक सुट्टी कामगाराच्या घरच्यांची असते, ती मागू नका, कामाच्या वेळेतले दोन तास द्या.

हिशेबातली चूक थोडक्यात. आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा किमान 5 कोटी, उलाढाल किमान 1000 कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारं) किमान 500 कोटी, यांपैकी काहीही असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च, कायद्यानं लागतो. फक्त आपल्याच कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. कामगारांनी श्रमदानात दिलेल्या तासांची किंमत लावूनही तो भरता येत नाही.

आता पुराबद्दल. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा वेळी जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवायची सवय मोडा. निवडायला माणसं नसतात आणि कपडे ढीग होऊन भिजत पडतात. पाणी ओसरल्यावर गावाला लागतो तो आपल्याकडे रोज कामाला येणारा माणूस: भिजलेला स्विचबोर्ड तपासणारा वायरमन, बुडालेली मोटार उघडणारा फिटर, शाळेचं निखळलेलं दार जोडणारा वेल्डर. धान्य कुणीही पाठवू शकतं, हे हात कारखान्याकडेच असतात. म्हणून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचायची वाट न बघता, जूनमध्येच कोण यायला तयार आहे ते प्रत्येक खात्यात विचारा. त्यांच्या पगारी रजेचं लेखी ठरवा, हत्यारांच्या पेट्या भरून ठेवा आणि नावांची यादी तहसील कार्यालयात देऊन या.