गोळी २५ची, बाळ ६ किलोचं: एकाच रुग्णासाठी औषध कसं बनवतात

प्रिस्क्रिप्शनवर लिहिलंय स्पायरोनोलॅक्टोन, किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. बाळाचं वजन ६ किलो. हाताशी असलेली गोळी २५ मिलिग्रॅमची. म्हणजे पाव गोळीहून जरासं कमी. घरी सुरीने चार तुकडे करून बघितले तर एक मोठा पडतो, एक लहान आणि उरलेल्याचा भुगा होतो. शिवाय बाळ तुकडा गिळणार कसा? अशी प्रिस्क्रिप्शनं घेऊन लोक कंपाउंडिंग करणाऱ्या, म्हणजे एकेका रुग्णासाठी औषध बनवून देणाऱ्या, फार्मासिस्टकडे येतात. मी हेच काम करते. कागदावरचा डोस बाटलीत कसा उतरतो ते क्रमाने सांगते. घरी करून बघण्यासाठी नव्हे. बाटली हातात आल्यावर काय विचारायचं, हे कळावं म्हणून.

सुरुवात खलबत्त्यापासून होत नाही. आधी मी बघते, हे बनवायलाच हवं का? काही देशांत याच औषधाचं कंपनीने बनवलेलं सस्पेन्शन (न विरघळलेली पावडर द्रवात पसरवून केलेलं पातळ औषध) मिळतं. ते मिळत असेल तर तेच द्यावं, कारण त्याची प्रत्येक बॅच तपासलेली असते आणि ते किती दिवस टिकतं हे प्रयोगाने ठरलेलं असतं. माझ्या बाटलीची तशी तपासणी झालेली नसते. तेव्हा कारण सबळ हवं. लागणारा डोस बाजारात नाही, गिळता येत नाही, गोळीतल्या रंगाची ॲलर्जी आहे किंवा लॅक्टोज सोसत नाही, कंपनीने उत्पादनच थांबवलंय, ही कारणं चालतात. ‘तयार औषधासारखंच, पण स्वस्तात करून द्या’ हे चालत नाही.

दुसरं, ही गोळी कुटता येते का? हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कुटली तर जठरातलं आम्ल औषध खाऊन टाकतं. स्पायरोनोलॅक्टोनची साधी गोळी कुटता येते. गोळीऐवजी शुद्ध पावडरपासून बनवायचं असेल तर आणखी एक हिशोब येतो. अॅमलोडिपिनच्या गोळीवर ५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते फक्त अॅमलोडिपिनचं वजन, पण तिच्यात अॅमलोडिपिन बेसिलेट हा क्षार सुमारे ६.९ मिलिग्रॅम असतो. बरणीतून ५ मिलिग्रॅम क्षार मोजणारा माणूस रुग्णाला कमी औषध देतो.

आता बाळाची बाटली. मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम असं ६० मिलिलिटर करायचं ठरवलं, तर औषध लागेल ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ गोळ्या. ६ मिलिग्रॅमसाठी १.२ मिलिलिटर, जे तोंडी सिरिंजवर नीट वाचता येतं. डोस जर ०.१३ मिलिलिटर येत असता तर मी औषध पातळ केलं असतं. मोजताना आई-वडिलांचा हात चुकणार नाही असा आकडा निघणं हाही हिशोबाचाच भाग आहे. हे सगळं लॉगशीटवर जातं: गोळ्यांचा बॅच नंबर, एक्स्पायरी, प्रत्येक वजन. आणि गणित दुसऱ्या माणसाने पहिल्याचा कागद न बघता करायचं. बघून केलं की चूकसुद्धा जुळते.

हातमोजे, मास्क, आणि १२ गोळ्या खलात. बत्त्याखाली करकर आवाज येईनासा झाला आणि पावडर बोटाला खडबडीत लागेनाशी झाली की पुढे जायचं. त्यावर थेट पाणी ओतलं तर पावडर वर तरंगते आणि गुठळ्या होतात, त्या मग कितीही हलवा, फुटत नाहीत. म्हणून आधी थोडंसं ग्लिसरीन घालून घट्ट लगदा करायचा. सगळा वेळ या लगद्यावर घालवला तरी हरकत नाही. तो एकसारखा, चकचकीत दिसला पाहिजे. बत्ता उचलल्यावर कडेला पांढरा कोरडा ठिपका दिसला तर परत घोटायचं. मग सस्पेन्शनसाठीचं तयार द्रव थोडं-थोडं, दर वेळी खलात आहे साधारण तेवढंच. सगळं मोजपात्रात ओतायचं, खल त्याच द्रवाने दोनदा खंगाळून तेही त्यात घालायचं, कारण खलाच्या भिंतीला लागून राहिलेलं औषध हे बाळाच्या डोसातलंच असतं. शेवटी ६० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरायचं, डोळा रेघेच्या पातळीत आणि वाकलेल्या पृष्ठभागाचा खालचा भाग रेघेवर. बाटली थोडी मोठी घ्यायची. वर मोकळी जागा नसेल तर घरी ती हलणारच नाही, आणि न हलवलेल्या सस्पेन्शनचे पहिले डोस पाणचट व शेवटचे जहाल होतात.

लोकांना वाटतं, औषध महत्त्वाचं, बाकी सगळं पाणी. माझं मत उलटं आहे. अनुभवी माणसाचीही गफलत होते ती या ‘बाकी सगळ्या’त. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड, पातळ औषध एका कंपनीने बाजारात आणलं. सल्फानिलामाइड कामाचंच होतं, पण ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव वापरलं होतं. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं होती. नवजात बाळांसाठी बेंझाइल अल्कोहोल हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) मी टाळते, कारण त्यामुळे श्वास लागून अर्भकं दगावल्याची नोंद १९८०च्या दशकात झाली. सॉर्बिटॉल जास्त झालं की जुलाब. कुत्र्यासाठीच्या औषधात झायलिटॉल तर नकोच, माणसाला गोड लागणारा हा पदार्थ कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणतो.

चवीचंही तसंच. ओमेप्राझोल हे ॲसिडिटीवरचं औषध आम्लात टिकत नाही, म्हणून त्याचं सस्पेन्शन बहुतेकदा ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात, मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅम असं करतात. चव खारट, साबणासारखी. पालक म्हणतात, थोडा संत्र्याचा फ्लेवर घाला ना. आंबट फ्लेवर म्हणजे आम्ल, आणि ते आलं की बायकार्बोनेट घालून जे साधलं त्यावर पाणी. त्यापेक्षा आम्ल नसलेला फ्लेवर शोधावा किंवा डोस थंड करून द्यावा. मिठाचं पथ्य असलेल्या बाळाच्या बाबतीत बायकार्बोनेटमधलं सोडियमही डॉक्टरांच्या कानावर घालावं लागतं.

द्रवाला पर्याय कॅप्सूलचा, आणि तिथे तोलण्याची कसोटी लागते. ६ मिलिग्रॅम संवेदनशीलतेच्या (म्हणजे निदान ६ मिलिग्रॅमचा फरक पडला तरच हलणाऱ्या) पारंपरिक काट्यावर ५ टक्क्यांच्या आत चूक ठेवायची तर किमान १२० मिलिग्रॅम तोलावं लागतं. पण २ मिलिग्रॅमच्या २० कॅप्सूल हव्या असतील तर औषध लागतं एकूण ४० मिलिग्रॅम. मग १२० मिलिग्रॅम औषध घ्यायचं, त्यात लॅक्टोज मिसळून एकूण १२०० करायचं आणि त्यातलं ४०० उचलायचं. त्यात बरोबर ४० मिलिग्रॅम औषध आलं. मात्र सगळं लॅक्टोज एकदम ओतायचं नाही. आधी १२०, घोटा, मग २४०, घोटा, मग ४८०, आणि उरलेलं. भरल्यावर कॅप्सूलची वजनं तपासतोच, पण सगळ्यांचं वजन सारखं आलं म्हणून औषध सारखं वाटलं गेलं असं होत नाही. निव्वळ लॅक्टोज भरलेली कॅप्सूलही काट्यावर शहाण्यासारखी वागते. त्यामुळे मिसळताना घाई करणाऱ्याला मी कॅप्सूलच्या टेबलावर उभी करत नाही.

सपोझिटरीचं, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायच्या औषधी वडीचं, कोको बटर शरीराच्या तापमानाला वितळतं. वितळवताना जास्त तापवलं तर त्याचे स्फटिक बदलतात आणि ते नीट गोठतच नाही, म्हणून मंद आंच. गोळी तोंडातून थुंकणाऱ्या मांजरासाठी मेथिमाझोल या थायरॉइडवरच्या औषधाचं जेल बनवून कानाच्या आतल्या त्वचेवर लावायला देतात. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे, नाहीतर औषध त्याच्याही कातडीतून आत जातं.

इंजेक्शनं आणि डोळ्यांचे थेंब हा वेगळाच प्रांत. तिथे निर्जंतुक खोली, गाळलेली हवा आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग केंद्राच्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी गेली. साडेसातशेहून अधिक लोक आजारी पडले, साठाहून अधिक दगावले, आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा आला. तुमचं औषध टोचायचं किंवा डोळ्यात घालायचं असेल तर फार्मासिस्टला सरळ विचारा, ‘निर्जंतुक तयारी तुमच्याकडेच होते का? तपासणी कोण करतं?’ याचा राग येणाऱ्याकडून ते औषध घेऊ नका.

बाटलीवर ‘या तारखेनंतर वापरू नये’ असं असतं. ही तारीख मूळ गोळीच्या एक्स्पायरीपेक्षा बरीच अलीकडची असते, आणि त्याची पालकांना नेहमी शंका येते. अमेरिकन फार्माकोपिया या औषधांच्या मानकग्रंथाच्या ७९५व्या प्रकरणाचा २०२३पासून लागू झालेला नियम असा: त्या मिश्रणाचा टिकाऊपणाचा वेगळा अभ्यास नसेल तर पाणी असलेलं, परिरक्षक नसलेलं औषध फ्रिजमध्ये १४ दिवस, परिरक्षक असेल तर ३५ दिवस, बिनपाण्याचं तोंडी द्रव ९० दिवस, आणि कॅप्सूल-पावडर १८० दिवस. पाणी आलं की जंतू आले, आणि औषधाचं विघटनही वेगाने होतं. तारीख उलटलेलं सस्पेन्शन रंगावरून किंवा वासावरून ओळखता येईलच असं नाही.

लेबलवर ‘१.२ मिलिलिटर’ एवढंच असेल तर परत करा. मिलिग्रॅमही हवेत आणि मिलिलिटरमागे किती तेही. फार्मसी बदलली की प्रमाण बदलू शकतं. मिलिलिटरमागे १ ऐवजी ५ मिलिग्रॅमचं औषध आलं आणि तुम्ही जुन्याच रेघेपर्यंत सिरिंज भरलीत, तर पाचपट डोस गेला. नव्या बाटलीचं प्रमाण जुन्या बाटलीशेजारी धरून वाचा. बाळाचं वजन वाढलं तर डोस डॉक्टर बदलतील, रेघ तुम्ही आपल्या मनाने पुढे सरकवू नका. आणि १४ दिवसांचं औषध असेल तर दहाव्या दिवशीच पुढची बाटली सांगून ठेवा. मागवायचं, बनवायचं, दुसऱ्याने तपासायचं, यात एखादा दिवस सहज जातो.