कॉलेजातलं जुनं दप्तर: या चुका टाळा

इतिहासाची जुनी कागदपत्रं गोळा करणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळच तिथे उभं राहिलं. असं भाग्य फार थोड्या दप्तरांना, जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांना, लाभतं. खानदेशातले बाकीचे कागद, म्हणजे कापूस जिनिंगवाल्यांचे रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), जुन्या वाड्यांतले मोडी रुमाल (मोडी लिपीतल्या कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे), सोसायट्यांची इतिवृत्तं, कुठल्यातरी कॉलेजच्या ग्रंथालयात पाहुण्यासारखे येऊन पडतात. पहिले दोन दिवस कौतुक, मग अडगळ.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे संग्रहाची दफ्तरी नोंदच नसणं. एका तालुक्याच्या गावी जिनिंगच्या वह्या कॉलेजला मिळाल्या. हार झाले, फोटो झाला, पेपरात बातमी आली. दानपत्र नाही, ठराव नाही. किल्ली इतिहासाच्या सरांच्या खिशात. सर निवृत्त झाले. पुढे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून खोल्या रिकाम्या करायला घेतल्या. अधीक्षकांनी जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ सामानाची यादी) उघडली. त्यात कपाट होतं, आतल्या वह्या नव्हत्या. कपाट रंगवून स्टाफरूममध्ये गेलं आणि वह्या किलोवर रद्दीत. लोक अधीक्षकांना बोल लावतात, पण नोंदीत नसलेली वस्तू त्यांच्या लेखी नव्हतीच.

म्हणून कागद आत येण्याआधी दानपत्र करा. मालकी कोणाची, पाहायला कोणाला मुभा, छापण्याचा हक्क कोणाकडे, नको असलेले कागद परत द्यायचे की काढून टाकायचे, हे चारही त्यात हवं. मग संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव. ठरावात जबाबदार म्हणून पदाचं नाव लिहा, माणसाचं नको. माणसं निवृत्त होतात. आलेल्या कागदांची दाखल नोंदवही ग्रंथांच्या नोंदवहीपासून वेगळी ठेवा. दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात कार्यालयात. प्राचार्य तोंडी ‘हो, करून टाका’ म्हणाले, तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र देऊन पोच घ्या.

पैशांचंही तेच. ‘ग्रंथालय, इतर’ या शीर्षाखाली लपवलेला खर्च पहिल्या कपातीत उडतो. स्वतंत्र लेखाशीर्ष मागा, आणि महाविद्यालय विकास समितीपुढे अंदाजपत्रक जाण्याच्या आत मागा. मार्चअखेरीस उरलेल्या पैशांवर डोळा ठेवून दप्तर चालत नाही. मागणी मोघम नको. १२ सेंटिमीटर रुंदीच्या पेट्या ९० सेंटिमीटरच्या फळीवर सात बसतात. १०० पेट्यांना १५ फळ्या लागतात, म्हणजे पाच फळ्यांची तीन कपाटं. एवढा हिशेब मांडला की लेखापाल निदान ऐकून तरी घेतो. पेट्या, आम्लमुक्त कागद, सुती कापड हे दरवर्षीच्या खर्चात धरा, कपाटं एकदाच.

उतावळे लोक आधी स्कॅनर घेतात. यादी नसताना स्कॅन केलं की हजारो फायली जमतात आणि कुठलं पान कुठल्या रुमालातलं ते कोणालाच सांगता येत नाही. आधी रुमालवार यादी आणि क्रमांक, मग स्कॅन, आणि फायलीला तोच क्रमांक. रुमालातला मूळ क्रम ‘नीट लावायच्या’ भानगडीत पडू नका.

मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो म्हणून दप्तराच्या खोलीत कूलर लावणं ही खास आपली चूक. कूलर हवेत ओल सोडतो, त्यात खिडक्या बंद, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कूलर वाचनाच्या टेबलापाशी लावा. कपाटाची खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. कूलरची टाकी कधीतरी गळतेच.

ग्रंथालयाचा शिक्का प्रत्येक पानावर मारू नका. क्रमांक मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात.

फाटलेल्या पानाला सेलोटेप नाहीच.

आणि यादीत गावासमोर आजचा जिल्हा लिहून मोकळे होऊ नका. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळं. नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. कागदावरचं नाव जसंच्या तसं एका रकान्यात, आजचं शेजारच्या.