एकटीने प्रवास करताना या चुका टाळा: भाड्याच्या आधी पोहोचण्याची वेळ पाहा

हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे रात्रीच्या कोणत्याही प्रहरी येथून कुठे तरी जाणारी गाडी मिळते आणि कुठून तरी आलेली गाडी येथे प्रवाशांना उतरवत असते. ही मोठी सोय आहे, परंतु एकटीने प्रवास करू लागलेल्या मुली सर्वांत जास्त चुका याच सोयीच्या भरवशावर करतात. कामानिमित्त मी विदर्भभर फिरते आणि आमच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या मुलींच्या दौऱ्यांची आखणीही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. दर वर्षी नव्या मुली येतात आणि त्याच त्या चुका घेऊन येतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते. कुणी त्रास दिला तर दोष त्रास देणाऱ्याचाच असतो, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. येथे मी फक्त आपल्या हातात असलेल्या गोष्टींविषयी लिहीत आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक: तिकीट काढताना निघण्याची वेळ पाहणे, पोहोचण्याची न पाहणे

नव्याने प्रवास करणारी मुलगी तिकीट काढताना भाडे पाहते, खिडकीजवळची जागा पाहते आणि कार्यालय सुटल्यावर गाडी गाठता येईल का, हे पाहते. गाडी नव्या ठिकाणी किती वाजता उतरवणार, हे ती शेवटी पाहते किंवा पाहतच नाही. माझा अनुभव असा आहे की धावत्या गाडीत, भरलेल्या डब्यात, आजूबाजूला कुटुंबे असताना फारसे बिघडत नाही. बिघडते ते गाडीतून उतरल्यावर, घरापर्यंतच्या किंवा लॉजपर्यंतच्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये, आणि तेही दुकाने बंद असलेल्या वेळी.

आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी पुण्याहून एका खासगी ट्रॅव्हल्सने नागपूरला परत येत होती. तिकिटावर पोहोचण्याची वेळ सकाळी सहाची होती आणि उतरण्याचे ठिकाण शहरातील एक गजबजलेला चौक होता. ती संध्याकाळी पाचला निघाली आणि निघतानाच आईला व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवून निश्चिंत झाली. समृद्धी महामार्ग रात्री मोकळा असतो. गाडी पावणेचारलाच वर्धा मार्गावर जामठ्याच्या परिसरात येऊन थांबली. क्लीनर दार उघडून म्हणाला, "मॅडम, गाडी आता गावात जात नाही, सगळे इथंच उतरून राहिले, तुम्हीही उतरा." सोबत उतरलेल्या दोन कुटुंबांना न्यायला त्यांच्या गाड्या आल्या होत्या. त्या निघून गेल्या, ट्रॅव्हल्सही निघून गेली आणि बॅग घेऊन ही मुलगी रस्त्याच्या कडेला एकटी उरली. अॅपवर एकही टॅक्सी दिसत नव्हती. एक जीप तिच्याजवळ येऊन थांबली, पुढे गेली, वळून परत आली आणि पुन्हा थांबली. आई झोपेत होती. जागी असती तरी तिला काही दिसले नसते, कारण व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालते आणि पाच वाजता सुरू केलेले लोकेशन रात्री एकलाच बंद पडले होते.

तिने मला फोन केला. समोर दिव्यांचा उजेड असलेला पेट्रोल पंप दिसतो आहे, असे ती म्हणाली. पंपावर चालत जा, तिथल्या कर्मचाऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहा आणि जीप तिथेही आली तर मला पुन्हा फोन न करता सरळ ११२ लाव, असे मी तिला सांगितले आणि शेजारच्या काका-काकूंना उठवून त्यांच्या गाडीने आम्ही निघालो. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पंपाच्या काउंटरला टेकून उभी होती आणि बॅगेचा पट्टा तिने मनगटाला दोन वेढे देऊन बांधला होता. जीप निघून गेली होती. काही वाईट घडले नाही. परंतु दुसऱ्याच आठवड्यात ती त्याच वेळेच्या गाडीचे तिकीट काढताना मला दिसली, कारण "या वेळी गाडी लवकर येणार नाही" असे तिला वाटत होते. या उतावळेपणाचा मला मनापासून राग येतो. एकदा निभावले म्हणजे ती रीत सुरक्षित ठरत नाही.

मी आखणी करताना आधी पोहोचण्याची वेळ ठरवते आणि मग मागे मोजत गाडी शोधते. अनोळखी गावी पोहोचायचे तर सकाळी सात ते संध्याकाळी पाच याच वेळेत. मुंबईहून येताना दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस सकाळच्या उजेडात नागपूर गाठते, म्हणून ट्रॅव्हल्सचे भाडे कमी असले तरी मी या गाड्यांकडे आधी पाहते. ट्रॅव्हल्सनेच यावे लागले तर समृद्धीवरून येणारी गाडी वेळेच्या दीड-दोन तास आधी येईल असे धरून चालावे. उतरण्याचे ठिकाण तिकिटावर छापलेले असते. त्याआधी कुणी उतरायला सांगितले तर जागेवरून उठू नये, तिकीट दाखवावे आणि इतर प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात नकार द्यावा. रस्त्यावर उतरल्यावर वाद घालून काही उपयोग होत नाही; जो आग्रह धरायचा तो गाडीत बसूनच धरावा.

रेल्वे रात्री तीनला पोहोचत असेल तर स्थानकाबाहेर पडण्याची घाई मुळीच करू नये. महिला प्रतीक्षालयात बसावे, तिकीट जपून ठेवावे, उजाडले की निघावे. नागपूर मेट्रो साधारण सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास थांबते. ती सुरू होईपर्यंत वाट पाहण्यात तीन तास गेले तर जाऊ द्यावेत. "एवढा वेळ कोण बसणार?" असे विचारणाऱ्या मुलींना माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

पचमढीला जाणाऱ्यांनी तर याचा विशेष विचार करावा. जवळचे रेल्वेस्थानक पिपरिया. तिथून पुढे सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता, त्यात घाट. रात्री पिपरियाला उतरून अनोळखी जीपने घाट चढण्याची योजना कितीही स्वस्त असली तरी मी ती कुणालाही करू देत नाही.

वेळेशी जोडलेली आणखी एक चूक मी सतत पाहते. रात्री बारा वाजता तारीख बदलते आणि तिकिटावर ००:२० लिहिलेले असते. शनिवारी रात्री जायचे म्हणून शनिवारच्या तारखेचे तिकीट काढणाऱ्या मुलीची गाडी शुक्रवारची रात्र संपता संपताच निघून गेलेली असते, आणि हे तिला मध्यरात्री फलाटावर कळते. नागपूरच्या बाबतीत स्थानकाचे नावही नीट वाचावे. नागपूर, अजनी आणि इतवारी ही तीन वेगळी स्थानके आहेत. वर्ध्याला उतरणाऱ्यांनी वर्धा आणि सेवाग्राम यांतला फरकही पाहावा.

दुसरी चूक: लोकेशन पाठवले म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे असे समजणे

आठ तासांची मर्यादा वर सांगितलीच. त्यापुढची अडचण नेटवर्कची आहे. मेळघाटात, गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर, पेंच आणि ताडोबाच्या जंगलात फोन तासन्‌तास बंद पडल्यासारखा असतो. त्या वेळात पडद्यावर दिसणारा ठिपका हा तुम्ही शेवटच्या टॉवरजवळ कुठे होता एवढेच सांगतो, आणि घरचे लोक तो पाहून एक तर निर्धास्त राहतात किंवा विनाकारण घाबरतात.

माझी पद्धत जुनी आहे. निघण्यापूर्वी एकाच माणसाला, सगळ्या गटाला नव्हे, साध्या मजकुरात गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ, मुक्कामाच्या ठिकाणाचा लँडलाइन क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ कळवायची. त्यासोबत एक वाक्य लिहायचे: "साडेसातपर्यंत माझा फोन आला नाही तर आठला लॉजवर फोन कर, तिथे पोहोचले नसेन तर ११२ ला कळव." ज्याच्यावर हे सोपवले आहे त्याला नेमके काय करायचे हे आधीच माहीत असले पाहिजे आणि तो त्या वेळी जागा असला पाहिजे. गटावर "पोहोचून राहिली आहे" असे लिहिले की पंधरा जण अंगठा दाखवतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कुणीतरी पाहत असेल.

फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन कॉलची सोय असते. ती घरी बसून सुरू करावी आणि बटण किती वेळा दाबायचे हे बोटांना माहीत करून द्यावे. मदतीचे क्रमांकही पाठ असावेत: कोणत्याही संकटात ११२, रेल्वेत १३९, महिला हेल्पलाइन १८१. बॅटरी संपलेल्या फोनमधली यादी वाचता येत नाही.

संकोचापोटी होणाऱ्या चुका

रिकामा डबा दिसला की मुलींना हायसे वाटते. मला रिकामा डबा दिसला की मी पुढच्या डब्यात जाते. गोंदिया किंवा वर्ध्याच्या बाजूच्या संध्याकाळच्या लोकलगाडीत महिलांचा डबा निम्म्या वाटेत ओस पडतो. तेव्हा केवळ पाटी महिलांची आहे म्हणून तिथेच बसून राहू नये. पुढच्या थांब्यावर उतरून जिथे म्हाताऱ्या बाया, लेकुरवाळ्या आणि टोपल्या घेऊन निघालेल्या भाजीवाल्या बसल्या असतील त्या डब्यात जावे. महिलांच्या डब्यात पुरुष शिरला तर तो रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६२ नुसार गुन्हा आहे आणि १३९ वर तक्रार करता येते, परंतु आधी जागा बदलावी, तक्रार नंतर करावी.

"एकटीच का?" हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. तरीही त्याचे खरे उत्तर देण्याचे बंधन कुणावर नाही. "भाऊ स्टेशनवर येतो आहे" असे सांगून संवाद संपवावा. खोटे बोलल्याचा संकोच वाटणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याच मुली दहा मिनिटांत लॉजचे नाव आणि परतीची तारीखही सांगून बसतात.

तिकीट नाही किंवा प्रतीक्षा यादीत आहे म्हणून तपासनीसाला घाबरून मध्यरात्री एखाद्या लहान स्थानकावर उतरणे, ही यातली सर्वांत धोकादायक चूक आहे. एकट्या स्त्रीला तिकिटावाचून गाडीतून उतरवायचे असेल तर ते फक्त दिवसा, आणि तेही तिने प्रवास सुरू केलेल्या स्थानकावर, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीच करता येते, असे त्याच अधिनियमाचे कलम १३९ सांगते. दंड भरावा, पावती घ्यावी आणि बसून राहावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत शयनयान वर्गात महिलांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना तो निवडायचे बहुतेक जणी विसरतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. टॅक्सी आली की स्वतःचे नाव सांगू नये. बुकिंग कोणाच्या नावाने आहे हे चालकाला विचारावे, पाटीवरचा क्रमांक जुळवावा आणि मगच ओटीपी द्यावा. रात्री नागपुरात सीताबर्डीवर किंवा गणेशपेठच्या बसस्थानकाबाहेर ऑटो ठरवताना आत आधीच "मित्र" बसलेला असेल तर तो ऑटो सोडून द्यावा. लॉजमध्ये खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला गेला तर खोली बदलून मागावी, आणि दाराची आतली कडी सामान ठेवण्यापूर्वी लावून पाहावी. प्रवासाची छायाचित्रे ते ठिकाण सोडल्यावर टाकावीत.

मिरचीच्या फवाऱ्याविषयी मला रोज विचारले जाते. जवळ ठेवायला हरकत नाही, परंतु बॅगेच्या तळाशी, वेष्टनासकट, कधीही न वापरलेला फवारा ठेवून वेळापत्रक न पाहता निघणाऱ्या मुलींची मला फार काळजी वाटते. दोन मिनिटांच्या चित्रफितीत शिकलेला हाताचा फटका हाही तसाच भरवसा आहे. विकत घेता येणारा उपाय लवकर पटतो. प्रतीक्षालयात तीन तास बसणे कुणालाच पटत नाही.

आणि काही घडलेच, तर तक्रार "घरी गेल्यावर पाहू" म्हणून पुढे ढकलू नये. गाडीत असतानाच १३९ वर कळवावे. पुढच्या मोठ्या स्थानकावर रेल्वे सुरक्षा दल किंवा लोहमार्ग पोलीस डब्यापाशी येतात. घटना बडनेरा आणि वर्ध्याच्या दरम्यान घडली म्हणून तक्रार तिकडेच करावी लागते, असे कुणी सांगितले तर ते ऐकून परतू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात जाण्यापूर्वी गाडी क्रमांक, डबा, बर्थ, घटनेची वेळ, मागचे आणि पुढचे स्थानक, त्या माणसाचे कपडे आणि तो कुठे उतरला, एवढे फोनमध्ये किंवा तिकिटाच्या मागे लगेच लिहून ठेवावे, कारण तासाभरात यातला निम्मा तपशील धूसर होतो आणि पोलिसांचे पहिले प्रश्न नेमके यावरच असतात.