सम सोडा, आठवी मात्रा पकडा

पुण्यात बारा वर्षं कथ्थक केलेलं. त्यामुळे लंडनजवळच्या आमच्या हौशी नाट्यमंडळानं ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकाच्या कोरससाठी (समूहात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी) ऑडिशन ठेवली तेव्हा वाटलं, टॅप नाच, म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी ताल वाजवणं, हे बूट घालून केलेलं तत्कार, कथ्थकमधलं तालबद्ध पदाघाताचं काम! पहिल्याच तासाला तो भ्रम उतरला. तत्कारात अख्खा तळवा पडतो. इथे वजन चवड्यावर, गुडघे सैल, घोटा लुळा. शफल म्हणजे पाय पुढे घासून मागे घ्यायचा, दोन हलके आवाज. माझे खिळे ठोकल्यासारखे यायचे.

नाटक १९२५चं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेच्या आधी ते लंडनच्या पॅलेस थिएटरात लागलं आणि ६६५ प्रयोग चाललं. बायबलं छापून गब्बर झालेला जिमी स्मिथ, त्यानं सांभाळलेली, मौजमजेला आसुसलेली नॅनेट आणि सगळ्यांचं अटलांटिक सिटीत एकमेकांना नको तेव्हा भेटणं. कथानकावर डोकं शिणवू नका, खरी परीक्षा पायांची.

टाइम स्टेप हा टॅपमधला पायाभूत पावलांचा क्रम. तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर नाही, आठव्या मात्रेवर उचलतात. तीन आठवडे मी समेची वाट बघत सगळ्यांच्या मागे राहिले. मग घरी पढंत, म्हणजे कथ्थकसारखे बोल तोंडानं म्हणणं, सुरू केली: शफल, हॉप, स्टेप, फ्लॅप, स्टेप. ‘शफल’ आठवर, ‘हॉप’ समेवर. तोंडात बसलं, तसं पायात आलं. आरशात बघून शिकू नका, कानानं शिका.

सराव सिमेंटच्या फरशीवर नको, नडग्या भरून येतात. प्लायवूडचा तुकडा टाका. खालच्या शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा. बुटांच्या पट्ट्यांचे स्क्रू रोज तपासा. रंगीत तालमीत माझा एक ढिला झाला आणि डावा पाय खुळखुळ्यासारखा वाजत राहिला.

ऑडिशनला स्टेप्स दोन-तीनदाच दाखवतात. मागच्या रांगेत लपून उपयोग नाही, रांगा फिरवतात. चुकलात तरी चेहरा पाडू नका. आमच्यात दोन चुका करून हसत राहिलेली मुलगी घेतली, बिनचूक पण रडक्या चेहऱ्याची राहिली.

सगळ्यात फसवं या नाटकातलं गाणं ‘टी फॉर टू’. संथ, मऊ पावलांचं, म्हणून सोपं वाटतं. पण द्रुत लयीत झाकली जाणारी प्रत्येक चूक इथे मोकळी ऐकू येते, वर गायचंही असतं. दम कुठे घ्यायचा हे शब्दांवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. मी ठेवली नव्हती. पहिल्या प्रयोगात शेवटच्या दोन ओळी नुसते ओठ हलवले.

वयाचं विचाराल तर १९७१च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात नर्तिका-अभिनेत्री रुबी कीलर साठीच्या घरात असताना याच नाटकात टॅप करत होत्या. मी तर चव्वेचाळीसचीच आहे.