आधी शेवटची पायरी शिकवा : ऑटिस्टिक आणि इतर न्यूरोडायव्हर्स तरुणांना रोजची कामं कशी शिकवावीत

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. गेली तीन वर्षं आमच्या घरात सकाळचा पहिला चहा तोच करतो. तो शिकायला त्याला अकरा आठवडे लागले. त्याआधी कितीतरी वर्षं मी रोज 'बघ हं, असा करायचा चहा' म्हणत होते आणि तो रोज बघत होता. बघून त्याला येत नव्हतं, आणि मला वाटत होतं की मी शिकवतेय.

त्या अकरा आठवड्यांत मला जे उमगलं आणि नंतर पालकांच्या गटातल्या घरांमध्ये जे पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते. न्यूरोडायव्हर्स म्हणजे ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करतो अशी माणसं. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, एडीएचडी (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं अवघड जाणं) अशा वेगवेगळ्या घरांतले अनुभव यात आहेत. तुमच्या मुलामुलीला, भावाला, बहिणीला यातलं काय लागू पडतं ते तुम्हीच ठरवा. वय जास्त झालं म्हणून सोडून मात्र देऊ नका. आमच्या गटातल्या एका बाई चाळिशीतल्या भावाला कुकर लावायला शिकवताहेत, आणि तो शिकतोय.

कोणतं काम, हे त्यालाच ठरवू द्या

आपल्याला वाटतं आधी अंथरुणाची घडी, आधी स्वतःचं ताट घासणं. त्याला काय हवंय? माझ्या मुलाला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो, आणि मी उठेपर्यंत तो ओट्यापाशी उभा राहायचा. म्हणून चहा. ज्या कामाच्या शेवटी त्याला स्वतःला काहीतरी मिळतं, ते काम आधी घ्या. बोलता येत नसेल तर चार कामांचे फोटो समोर ठेवा आणि बोट कुठे जातं ते पाहा. एका वेळी एकच काम, फार तर दोन.

नावडत्या कामामागे बऱ्याचदा आळस नसून त्रास असतो. भांड्याच्या काथ्याचा स्पर्श, मिक्सरचा आवाज, ओल्या कपड्यांचा वास काहींना खरोखर सोसत नाही. रबरी हातमोजे द्या, मिक्सर लावण्याआधी सांगा, कानावर हेडफोन लावू द्या. एवढ्यावर निम्मा विरोध मावळलेला मी पाहिला आहे.

आपला अंदाज मोजमापात आणा

आपलं स्वयंपाकघर अंदाजावर चालतं. चवीपुरतं मीठ, जरासं तेल, लालसर होईपर्यंत परता, उकळी आली की उतरवा. 'उकळी आली की दूध घाल' असं मी म्हटलं तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "उकळी म्हणजे किती बुडबुडे?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी टायमर आणला.

तुम्ही स्वतः ते काम एकदा सावकाश करा आणि हाताची प्रत्येक हालचाल लिहून काढा. माझ्या पहिल्या यादीत 'गॅस लाव' अशी एकच ओळ होती. त्या एका ओळीत लायटर उचलणं, तो बर्नरजवळ धरणं, बटण दाबून फिरवणं, लगेच लायटर दाबणं आणि हात मागे घेणं अशा पाच गोष्टी होत्या. तो अडकत होता तो नेमका तिथेच. शेवटी आमची एका माणसाच्या चहाची यादी अशी झाली :

१. पातेलं ओट्यावर ठेव.
२. निळा कप भरून पाणी ओत.
३. छोट्या चमच्याने दोन चमचे साखर घाल.
४. त्याच चमच्याने एक चमचा चहा पावडर घाल.
५. पातेलं शेगडीवर ठेव.
६. लायटर बर्नरजवळ धर.
७. बटण दाबून लाल ठिपक्यापर्यंत फिरव आणि लगेच लायटर दाब.
८. गॅस पेटला की टायमर ४ मिनिटांवर लाव.
९. टायमर वाजला की निळ्या कपाच्या रेघेपर्यंत दूध घे आणि पातेल्यात ओत.
१०. टायमर २ मिनिटांवर लाव. शेगडीजवळच उभा राहा.
११. टायमर वाजला की गॅस बंद कर.
१२. कपावर गाळणी ठेव.
१३. सांडशीने पातेलं घट्ट धर आणि चहा गाळ.

लाल ठिपका म्हणजे मध्यम आचेच्या जागी लावलेलं नेलपॉलिश. दुधाची रेघही त्याचीच. मिनिटं तुमच्या शेगडीवर वेगळी निघतील, आधी स्वतः मोजून घ्या. वाचता येत नसेल तर प्रत्येक पायरीचा फोटो काढा. फोटोत त्याचेच हात आणि तुमच्याच घरातली भांडी असू द्यात. इंटरनेटवरची चित्रं आमच्या घरी चालली नाहीत, कारण त्या चित्रातला कप निळा नव्हता.

गॅसचा एक नियम वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लावला : तीनदा लायटर दाबून पेटला नाही तर बटण बंद कर, खिडकी उघड, आईला हाक मार. गॅसची फारच भीती वाटत असेल तर इंडक्शनवर सुरुवात करा. पण भीती तुमची आहे की त्याची, हे आधी तपासा.

आता शेवटून सुरुवात करा

आपण नेहमी पहिल्या पायरीपासून शिकवतो. मूल तिसऱ्या पायरीवर थकतं, पुढचं आपण उरकतो, आणि चहा आईनेच केलेला असतो. विशेष शिक्षक बऱ्याच कामांत उलट्या क्रमाने जातात. बारा पायऱ्या तुम्ही करा, तेरावी त्याला करू द्या. चहा गाळला की कप हातात, म्हणजे त्याच्या वाट्याला काम पूर्ण झाल्याचा क्षण आणि गरम चहा दोन्ही येतं. गाळणं जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. गरम पातेलं धरायचं म्हणून आम्ही आधी चार दिवस थंड पाण्यावर सराव केला.

सलग तीन दिवस एखादी पायरी मदतीशिवाय झाली की मागची पायरी जोडायची. दोन दिवस बिघडलं तर एक पायरी परत. हे डोक्यात राहत नाही, म्हणून वही ठेवा. मी तीनच खुणा करायचे : स्वतः केलं तर टिंब, बोट दाखवावं लागलं तर बाण, हात धरावा लागला तर फुली. सहाव्या आठवड्यात मला वाटलं की काहीच होत नाहीये. वही उघडली तर फुल्या संपल्या होत्या.

मदत द्यायची ती काढून घेण्यासाठी

सगळ्यात कठीण भाग हाच, आणि तो शिकायचा असतो आपण.

हात धरून शिकवायचं असेल तर विचारून धरा. तो मोठा माणूस आहे. समोरून धरू नका, मागे उभ्या राहा, म्हणजे त्याच्या नजरेसमोर फक्त त्याचे हात आणि काम राहतं. पकड मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, आणि मग नुसतं जवळ उभं राहणं. प्रत्येक टप्पा काही दिवसांचा.

आणि बोलणं थांबवा. 'हं, आता साखर... आता पावडर... शाब्बास, आता?' हे मी प्रेमाने करत होते. पण हात सोडवता येतो, आवाज सोडवणं फार अवघड असतं. मुलगा यादीकडे बघेनासा होतो आणि आईच्या आवाजाची वाट बघतो. एक दिवस माझा घसा बसला होता. तो साखरेचा डबा हातात घेऊन माझ्याकडे बघत चार-पाच मिनिटं तसाच उभा राहिला. त्याला साखर घालता येत होती. 'आता साखर' हे माझं वाक्य त्याच्या कामातली एक पायरी होऊन बसलं होतं.

तेव्हापासून मी यादीवर बोट ठेवते, बोलत नाही. तो अडला की मनात दहापर्यंत मोजते. दहा आकडे फार लांब वाटतात. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला त्याचा हात हलतो.

ज्यांना येतं पण सुरू होत नाही

माझ्या भाचीला एडीएचडी आहे. इंजिनिअर आहे, पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहते. कपडे धुवायला तिला उत्तम येतं, तरी ढीग पंधरा दिवस पडून असायचा. तिला पायऱ्या शिकवण्यात अर्थ नाही, तिचं काम सुरू होण्यापाशी अडतं. तिने स्वतःच शोधलेला उपाय असा : बुधवारी आणि रविवारी रात्री नऊ वाजता ती मला व्हिडिओ कॉल लावते. मी इकडे भाजी निवडते, ती तिकडे कपडे आवरते. बोलतोच असं नाही. बंद कपाटाऐवजी तिने उघडे क्रेट घेतले आहेत, कारण डोळ्यांआड गेलेली वस्तू तिच्यासाठी नसल्यात जमा असते. तिला 'एवढी शिकलेली आणि साधे कपडे...' असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. ते वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं आहे.

पैसे

मराठी अंक ऐकून पैसे देणं हे वेगळंच कौशल्य आहे. 'एकोणपन्नास' ऐकलं की कानात पन्नास राहतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला. आमच्या घरात मात्र तिने वाट मोकळी केली. 'चाळीस सात' म्हटलं की माझा मुलगा ४७ बरोबर लिहितो. दुकानदार तसं बोलणार नाही, म्हणून तो त्याला आकडा मोबाईलवर किंवा कॅल्क्युलेटरवर दाखवायला सांगतो.

सुटे पैसे मोजणं जमत नसेल तर 'एक दहा जास्त' ही युक्ती शिकवा. ४७ रुपये झाले तर दहाच्या चार नोटा आणि वर एक, परत येईल ते खिशात. अगदी नेमकी बेरीज यायलाच हवी, हा हट्ट सोडला की दुकानात जाता येतं.

यूपीआयसाठी २०२४ पासून 'यूपीआय सर्कल' ही सोय आहे. खातं तुमचं, पैसे तो देतो. प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल अशी व्यवस्था करता येते, किंवा महिन्याची मर्यादा ठरवून मोकळीक देता येते. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हा नियम सराव करून घ्या. मावशीला ओळख न सांगता फोन करायला लावा आणि तो काय उत्तर देतो ते ऐका.

घराबाहेर, आणि मुद्दाम बिघडवून

बाहेरच्या कामांची सुरुवात आम्ही गिरणीपासून केली. अंतर थोडं, रस्ता ओलांडायचा एकदाच, आणि बोलायचं वाक्य ठरलेलं : "पाच किलो गहू, चपातीसाठी बारीक." वाक्याचं कार्डही डब्यात ठेवलं. पहिले काही दिवस मी बरोबरीने चालले, मग दहा पावलं मागे, मग कोपऱ्यापर्यंत. गिरणीवाल्या काकांना आधी भेटून सांगितलं होतं की तो उशिरा उत्तर देतो, थांबा. त्यांनी ते आजपर्यंत पाळलं आहे.

सगळं सुरळीत जमल्यावर खरं शिकवणं सुरू होतं. गणपतीत मिरवणुकीमुळे बसचा रस्ता बदलला आणि माझा मुलगा नेहमीचा थांबा येईना म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिला. चूक माझी होती. मी रस्ता शिकवला होता, रस्ता चुकला तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं. आता आम्ही मुद्दाम बिघडवतो. साखरेचा डबा रिकामा ठेवतो. गिरणी बंद असेल त्या वारी त्याला पाठवतो. एक थांबा आधी उतरतो. प्रत्येक वेळी उत्तर एकच : थांब, कार्ड काढ, फोन कर. कार्डावर आमचे दोन नंबर आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे. हेच काम दुसऱ्या गिरणीत, मावशीच्या स्वयंपाकघरातही करून घ्या. आपल्या ओट्यावर येणारा चहा परक्या ओट्यावर येईलच असं नाही.

शरीराची काळजीही याच पद्धतीने शिकवता येते. पाळीच्या वेळी पॅड कधी बदलायचं हे 'खराब झालं की' असं सांगू नका, घड्याळाच्या वेळा ठरवून द्या. पाळी नसताना पॅडवर लाल रंगाचं पाणी घालून सराव करा. दाराला कडी लावणं आणि दार वाजवून आत जाणं घरातल्या सगळ्यांनी पाळा, तरच तो पाळेल.

कागदपत्रांचं थोडक्यात

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित शिकण्यात अडचण) येतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, प्रवासाच्या सवलतींना ते उपयोगी पडतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही सरकारी संस्था झाली. तिच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पालकत्व हवं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. माझं मत असं की घाई करू नका. आधी कोणते निर्णय तो मदतीने स्वतः घेऊ शकतो ते पाहा.

घरी एकटं राहणं

हे सर्वांत शेवटी. पहिल्यांदा मी दहा मिनिटं खाली बाकावर जाऊन बसले. मग वीस, मग बाजारात जाऊन येण्याएवढा वेळ. नियम तीन : ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही, मी नसताना गॅस लावायचा नाही, अडलं तर फोन. तिसरा नियम माझ्यासाठीही होता. फोन त्याने करायचा, मी नाही. पहिल्या दिवशी त्या बाकावर मी मोबाईल पर्समध्ये ठेवून चेन लावून टाकली होती.

दुसरा नियम गेल्या दिवाळीनंतर काढला. आता गुरुवारी मी भजनाला जाते, तीन तास. परत येते तेव्हा ओट्यावर धुतलेलं पातेलं पालथं असतं आणि शेजारी निळा कप.