‘ड्रॅक्युला’तल्या माणसांचा नकाशा कसा काढावा

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी पहिल्यांदा वाचताना, कोण कुणाशी कसं जोडलेलं आहे ते दाखवायला मी कागदाच्या मधोमध काउंटचं, म्हणजे माणसांचं रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाचं नाव लिहिलं होतं. फसलं ते. काउंटच्या वाड्यात राहिलेल्या जोनाथनची तिथली डायरी चौथ्या प्रकरणात संपते, आणि तिथून पुढे काउंट क्वचितच समोर येतो. सगळी गोष्ट इतरांच्या डायऱ्या, पत्रं आणि तारांमधून कळते. काउंटची डायरी त्यात नाहीच.

म्हणून मधोमध मीना लिहा. एका बाजूला जोनाथन हार्कर, तिचा वाग्दत्त वर, पुढे नवरा. दुसऱ्या बाजूला मैत्रीण लुसी. लुसीला एकाच दिवशी तिघं लग्नाची मागणी घालतात: डॉ. सिवर्ड, टेक्ससचा क्विन्सी मॉरिस आणि आर्थर होमवुड. ती आर्थरला होकार देते. आता या तिघांना एकमेकांशीही जोडा, ही रेघ बहुतेकांकडून राहून जाते. ते जुने दोस्त आहेत, देशोदेशी एकत्र भटकलेले. नकार पचवूनही मैत्री टिकते, म्हणूनच लुसी आजारी पडल्यावर आर्थर सिवर्डला बोलावतो आणि सिवर्ड आपले गुरू व्हॅन हेल्सिंग यांना.

मग लाल पेन घ्या, रक्तासाठी. आर्थर, सिवर्ड, व्हॅन हेल्सिंग, क्विन्सी, याच क्रमाने चौघं लुसीला रक्त देतात. तिच्या अंत्यविधीनंतर आर्थर म्हणतो की रक्त दिल्यापासून आपलं खरंच लग्न झाल्यासारखं वाटत होतं. बाकीचे तिघं गप्प राहतात. त्या पानावर मी दर वेळी थांबते. लुसीचं रक्त काउंट पितो, म्हणून तिच्याकडून ही लाल रेघ त्याच्याकडे जाते. मीना आणि काउंट यांच्यामध्ये मात्र दोन्ही टोकांना बाण काढा: तो तिचं रक्त पितो आणि आपलं तिला पाजतो. याच दुहेरी रेघेमुळे व्हॅन हेल्सिंग संमोहनातून तिच्याकरवी त्याचा माग काढू शकतात.

रेनफिल्ड सिवर्डचा मनोरुग्ण. माश्या, कोळी, पक्षी खाणारा. त्याची रेघ आधी काउंटकडे न्या, पण पेन्सिलीने. मीनाला भेटल्यावर ती वळते आणि तिच्यासाठी तो काउंटशी झुंजतो.

कोण कुणाचं लिखाण वाचतं, हेही पेन्सिलीनेच दाखवा. जोनाथनची लघुलिपी, सिवर्डचं फोनोग्राफवरचं बोलणं, हे सगळं मीना टाइप करून सर्वांपुढे ठेवते. त्यानंतर पुरुष तिच्या भल्यासाठी म्हणून तिला काउंटला संपवण्याच्या मोहिमेतून वगळतात. तिथे तिच्याकडे येणाऱ्या रेघा खोडा. काउंट नेमका त्याच दिवसांत तिच्यापर्यंत पोहोचतो. ३ ऑक्टोबरच्या पहाटे हे उघड झाल्यावर त्या रेघा पुन्हा काढा.

कागदाच्या तळाशी थोडी जागा मोकळी ठेवा. तिथे मीना-जोनाथनचा मुलगा येईल. त्याच्या नावात सगळ्यांची नावं गुंफलेली आहेत, पण हाक मारतात ती क्विन्सी अशी. क्विन्सी मॉरिस गेला, त्याच तारखेला हा जन्मला.