डीएसएल मोडेम ब्रिज मोडवर कसा घ्यावा

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटसाठी मोडेम एरवी दोन कामे करतो: तारेवरून येणारा संदेश संगणकाला कळेल अशा स्वरूपात आणणे, आणि युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करणे. ब्रिज मोडमध्ये यांपैकी दुसरे काम मोडेमकडून काढून राउटरकडे दिले जाते. राउटर मोडेमला नुसता जोडून ठेवला, तर नॅट (घरातील अनेक यंत्रांचे पत्ते बाहेरच्या एकाच पत्त्यामागे घेण्याची क्रिया) दोन ठिकाणी होते आणि घरचा सीसीटीव्ही बाहेरून पाहायचा झाल्यास दोन्ही यंत्रांत पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची क्रमांकित वाट, उघडत बसावे लागते. ही दुहेरी खटपट ब्रिजमुळे टळते.

मोडेमला हात लावण्यापूर्वी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीपीआय-व्हीसीआय (तारेवरील कंपनीची वाहिनी ओळखणारे क्रमांक) हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. बीएसएनएलच्या एडीएसएल जोडणीत हे आकडे सहसा ० आणि ३५ असतात. इतर कंपन्यांचे वेगळे असू शकतात, म्हणून चालू सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवणे उत्तम. पासवर्डची मात्र खातरजमा आधीच करावी, कारण त्या पानावर तो केवळ ठिपक्यांच्या रूपात दिसतो. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा ते ठिपके पाहूनच निर्धास्त झालो आणि जुनी जोडणी पुसून टाकल्यावर, पासवर्ड कुठेच लिहिलेला नाही, हे लक्षात आले.

संगणक लॅन केबलने मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडावे, पत्ता वेगळा असल्यास तो मोडेमच्या तळाशी छापलेला असतो. वॅन (बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू) विभागात जाऊन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करणारी, ही जोडणी बदलून ब्रिज किंवा ब्रिजिंग निवडावे. व्हीपीआय-व्हीसीआय आणि एलएलसी एन्कॅप्सुलेशन (तारेवर माहिती गुंडाळून पाठवण्याची पद्धत) पूर्वीचेच राहू द्यावे. त्यानंतर मोडेमचे वायफाय आणि डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करून सेटिंग सेव्ह करावे व मोडेम रीबूट करावा.

आता मोडेमच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घालावी, राउटरमध्ये पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड भरावा आणि एमटीयू (एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ ठेवावा. इथरनेटच्या १५०० बाइटपैकी ८ बाइट पीपीपीओईच्या शीर्षकात (हेडरमध्ये) जातात, म्हणून हा आकडा. तो चुकला की काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट लटकतात, आणि दोष कुठे आहे ते लवकर उमगत नाही. राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२.१ असा मोडेमपेक्षा वेगळा ठेवावा.

लॉगिन लगेच झाले नाही तरी घाबरू नये. मोडेमचे जुने सत्र सर्व्हरवर काही मिनिटे उघडे राहिलेले असू शकते, त्यामुळे थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. राउटरऐवजी थेट विंडोजमधून जोडणी करताना ६९१ हा एरर आला, तर बहुधा युजरनेम किंवा पासवर्ड चुकलेला असतो. मोडेमवरचा इंटरनेटचा दिवा आता बंदच राहील. डीएसएलचा दिवा स्थिर असला म्हणजे पुरे. राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असेल, तर कंपनीच तिच्या बाजूने नॅट करीत आहे, आणि ब्रिज करूनही बाहेरून सीसीटीव्ही दिसणार नाही.

पुढे कधी तारेवरील नॉइज मार्जिन (संदेश गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे ते) पाहण्यासाठी मोडेमचे पान उघडायचे झाल्यास संगणक पुन्हा थेट मोडेमला जोडावा आणि, डीएचसीपी बंद असल्याने, संगणकाला १९२.१६८.१.१० असा पत्ता हाताने द्यावा.